अख्ख्या आवाजाचा सेट

आभाळात ढगाचा ठिपका नसतानाही आमचे घरमालक एखाद्या दुपारी भरल्या ताटावरून उठायचे, हात न धुताच जिना चढून आपल्या वायरलेस सेटच्या खोलीत यायचे आणि अँटेनाची वायर सेटमधून उपसून तिचं टोक काचेच्या रिकाम्या बरणीत घालून ठेवायचे. "वीज येनार," एवढंच म्हणायचे. तासाभरात पिरनवाडीच्या अंगानं आभाळ काळं होऊन यायचं. जेवताना शेजारी ठेवलेल्या रेडिओच्या खरखरीवरून त्यांना ते कळायचं. वायर बरणीत असली की पडलेली वीज काचेबाहेर जात नाही, असं ते मानायचे. खरं का खोटं, मी कधी विचारलं नाही. बरणी ते दोन-दोनदा सरळ करून बघायचे.

त्यांच्याकडं मी चार वर्षं भाड्यानं राहिलो. मी निपाणीचा. मच्छेच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम मिळालं म्हणून बेळगावात आलो आणि वडगावात खोली बघितली. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही की पगार विचारला नाही. खुर्चीत डोळे मिटून बसले.

"बोल काय तरी."

"काय बोलू?"

"कायबी. सकाळपासनं काय काय केलास ते सांग."

मी बस किती वाजता धरली, न्याहारी काय केली, मच्छेला कसा उतरलो, ते सांगत गेलो. त्यांनी डोळे उघडले. "ऱ्हा. खोटं बोलताना तुजा आवाज बारीक हुतोय. म्हंजे कळंल मला."

खाली उतरल्यावर माझ्या लक्षात आलं. न्याहारी मी केलीच नव्हती.

गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, मीही म्हणायला लागलो. ते मला 'निपाणी' म्हणायचे. वायरलेसवाल्यांच्या लेखी माणसाच्या आधी त्याचं ठिकाण येतं. त्यांच्या बायकोला सगळे आक्का म्हणत. खाली दोन पॉवरलूम, त्यामागं स्वयंपाकघर, आणि वर दोन खोल्या: एक माझी, एक वायरलेसची. मधली भिंत विटांवर विटा उभ्या ठेवून केलेली, त्यामुळं पलीकडं आप्पा खोकले तरी मला जाग यायची.

चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात बसून आप्पांचे कान अर्धे गेले होते. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू यायची नाही, मोबाईलची रिंग यायची नाही. पण कुणी भिंतीपलीकडं जाड आवाजात गुणगुणलं तर यायचं. बारीक सूर गेले होते, खर्ज राहिला होता. आपलं बोलणं स्वतःला ऐकू यावं म्हणून ते घरात ओरडून बोलायचे. नवा माणूस दचकायचा, भांडणच चाललंय असं समजायचा. माईक हातात आला की मात्र तेच आप्पा इतके हळू बोलायचे, की आजारी माणसाच्या उशाशी बसलेत असं वाटावं.

भ्यायचे ते सगळ्यालाच. वीज, कुत्री, लिफ्ट, मोठा रस्ता. पिरनवाडीच्या पलीकडं ते कित्येक वर्षांत गेले नव्हते. मुलगी पुण्याला असते, तिच्याकडंही नाही. "भ्यालेला मानूस दोनदा बगतोय," असं म्हणायचे, "म्हनून टिकतोय." हौशी वायरलेसचा, म्हणजे घरच्या सेटवरून लांबच्या हौशींशी बोलायचा, सरकारी परवाना त्यांनी बनशंकरी देवीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावला होता आणि दोघांनाही सारखंच हात जोडायचे. एकदा कुणी बिनपरवान्याचा माणूस हवेवर बोलायला आला, तेव्हा आप्पांनी त्याला तिथल्या तिथं बंद व्हायला लावलं आणि नंतर दोन दिवस आपलाच परवाना जाईल या धास्तीनं जेवले नाहीत.

रोज सकाळी पावणेसातला ते मास्तरांशी बोलायचे. मास्तर म्हणजे निपाणीच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीलगतच्या एका खेड्यात राहणारे निवृत्त शाळामास्तर. सव्वीस-सत्तावीस वर्षं दोघं रोज बोलत होते आणि एकमेकांना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आप्पा वडगाव सोडायचे नाहीत आणि मास्तरांना गुडघ्यांमुळं प्रवास जमायचा नाही. मास्तरांचा सेट जुन्या पद्धतीचा, त्यांनी स्वतः जोडलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा. बोलायचं यंत्र वेगळं आणि ऐकायचं वेगळं. तो एएमवर चालायचा, म्हणजे आपल्या जुन्या मीडियम वेव्ह रेडिओच्या पद्धतीनं. नव्या पद्धतीत आवाज लांब जावा म्हणून वरचा आणि खालचा भाग कापून मधला तेवढाच पाठवतात. एएममध्ये आवाज अख्खा येतो. छातीतला घुमारा येतो, श्वास येतो, मागं कुणी भांडं ठेवलं तर तेही येतं. भिंतीपलीकडून मला मास्तरांचा आवाज यायचा तो घागरीत बोलल्यासारखा, दमदार. काय बोलायचे? पाऊस, दूध, कुणाचं ऑपरेशन. शेवटी मास्तर विचारायचे, "वडगाव, आवाज कसा काय?" आणि आप्पा म्हणायचे, "हाय तसा हाय."

माझ्या दुसऱ्या वर्षी एक फोन आला. आप्पा घरात एकटे होते. फोनमध्ये त्यांची मुलगी रडत होती. "आप्पा, माझ्या गाडीखाली एक जण आलाय, पोलिसांनी धरलंय, कुणाला सांगू नका," असं म्हणत होती. मग एका माणसानं फोन घेतला आणि बँकेत जायला सांगितलं. मी कामावरून आलो तेव्हा आप्पा जिन्याच्या पायरीवर बसले होते. एका पायात चप्पल होती. घडलेलं त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी मुलीला फोन लावला. ती ऑफिसात कॉफी पीत होती. आवाज नकली होता. हल्ली करतात तसा, यंत्रानं केलेला.

"तिचाच हुता," आप्पा म्हणाले. "निपाणी, पोटच्या पोरीचा आवाज मला वळकला न्हाय."

आक्कांनी समजूत घातली, मुलगी दोन दिवस येऊन राहिली. पण त्या दिवसापासून त्यांनी फोनला हात लावला नाही. फोनमधला आवाज गाळून येतो, म्हणायचे. गाळलेल्या आवाजात कुणीही शिरू शकतं.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी मास्तर एक आठवडा हवेवर आले नाहीत. आठवड्यानं आले, पण आवाज पातळ. जुना सेट मोडला, म्हणाले, आता एक छोटा सेट जोडून घेतलाय, नव्या पद्धतीचा, त्याच्यावर एएम नाही. बोलण्याची लकब तीच, खोकला तोच, शेवटचं "आवाज कसा काय?" तेच. मला भिंतीपलीकडून काही वावगं वाटलं नाही. आप्पा मात्र त्या सकाळी मागावर बसले नाहीत. माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच ओरडून न बोलता म्हणाले, "हे मास्तर न्हाईत."

"आप्पा, सेट बदललाय त्यांचा."

"बोलनं कळालंय मला. मानूस कळंना झालाय."

यानंतरचे तीन महिने घरावर एक सावट होतं. आप्पा रोज पावणेसातला सेट लावायचे, कारण लावला नाही तर पलीकडच्याला संशय येईल. रोज त्या आवाजाशी बोलायचे आणि उठल्यावर त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असायचा. मास्तरांना कुणी मारलंय, त्यांच्या घरात कुणी शिरलंय, त्यांच्या नावावर कुणी काय काय करतंय, असं एकेक सुचायचं. मी हसायचो, पण हळूहळू मलाही तो आवाज ऐकताना अंगावर काटा यायला लागला. सत्तावीस वर्षांच्या गप्पांतल्या खुणा त्या आवाजाला ठाऊक होत्या. एकदा आप्पांनी मुद्दाम चुकीचं काहीतरी विचारलं, तर त्यानं हसून दुरुस्त केलं. आप्पा माईक ठेवून भिंतीला टेकले. "सगळं म्हाईत हाय त्येला," ते म्हणाले. मला बरं वाटलं होतं, ते मात्र आणखी भ्याले होते.

"पोलिसात सांगूया का?"

"काय सांगनार? आवाज पातळ झालाय म्हनून?"

मग त्यांनी ठरवलं. एएमवर चांगला आवाज देणारा सेट निवडायचा आणि मास्तरांच्या घरी पोचवायचा. तो सेट घेऊन माणूस बोलला की खरा का खोटा ते एका मिनिटात कळेल. मी म्हणालो, आधी नुसतं जाऊन बघून येऊ. तर म्हणाले, "नुसतं बगून काय कळनार? मी त्यांना बगितलंय कुठं?"

सेटसाठी त्यांनी दोनपैकी एक माग मोडीत काढला. आक्का आठवडाभर बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या दुखण्याला कधी इतकं घाबरला न्हाईसा." 

बेळगावातल्या ओळखीच्या वायरलेसवाल्यांकडून तीन सेट पारखायला आणले. पारखायची त्यांची रीत अशी. सेट खाली मागाच्या खोलीत ठेवायचा. अँटेनाच्या जागी डब्यात बसवलेला एक रेझिस्टर लावायचा, म्हणजे आवाज हवेवर जात नाही, घरातल्या घरात पोचतो. मी सेटसमोर बसून बोलायचं आणि आप्पा वरच्या खोलीत आपल्या जुन्या रेडिओवर कानाला हेडफोन लावून ऐकायचे. शंभर वॅटचा सेट असला तरी एएमला पंचवीसच ठेवायचा, माईकची गेन, म्हणजे आवाज ओढायची ताकद, कमी, आवाज दाबून मोठा करायची सोय बंद, आवाज गाळणारा फिल्टर रुंद. "बैलाला पळवायचं न्हाय," म्हणायचे, "चालवायचं. पळाला की आवाज फाटतोय."

पहिला सेट चकचकीत होता, पडद्यावर रंगीत आलेख नाचायचे. मी वर्तमानपत्र वाचलं. वरून आप्पा ओरडले, "डब्यात बसून बोलालास." दुसऱ्याचा आवाज बरा होता, पण त्याच्या मागं एक गुणगुण होती, ती काही केल्या जाईना. आप्पांनी आक्कांना बसवलं. आक्का माईकमध्ये म्हणाल्या, "चहा गार झालाय." आप्पा वरून उतरून आले, आक्कांकडं बघितलं आणि मला म्हणाले, "रागानं म्हनाली का कशी, ते कळालं न्हाय. ह्यो बाद."

तिसरा सेट जुना, जड, एक खटका तुटलेला. त्या दिवशी मी दमलो होतो. मी वर्तमानपत्र न वाचता नुसतंच बोललो. बस कशी होती, जेवणाला काय होतं. वरून काहीच आवाज येईना. मग जिन्यावर पावलं वाजली.

"ह्यो घ्यायचा," आप्पा म्हणाले. मग माझ्याजवळ स्टूल ओढून बसले. "तू कशाला भ्यालायस?"

"मी? कुठं काय."

"बारीक झाला आवाज."

कारखान्यात माझं कंत्राट पुढं वाढवणार नाहीत, असं दोन आठवड्यांपूर्वी साहेबांनी सांगितलं होतं. मी ते कुणालाच बोललो नव्हतो. घरी म्हातारे आई-वडील, पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न. मी आप्पांना सांगितलं. ते ऐकत राहिले. काही उपाय सुचवला नाही, फक्त म्हणाले, "ह्या रविवारी घरी जातोयस न्हवं? मग सांग. आनि मीबी येतो तुज्यासंगं."

वडगाव न सोडणारा माणूस येतो म्हणाला, याचाच मला जास्त धसका बसला.

रविवारी सकाळच्या बसनं निघालो. सेट आप्पांच्या मांडीवर, एका कोऱ्या साडीत गुंडाळलेला. त्याला वीज देणारा डबा आणि रेझिस्टरचा डबा माझ्या पिशवीत. हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं ते निपाणी येईपर्यंत सोडलं नाही. ट्रक शेजारून गेला की बोटं आवळायची. स्तवनिधीच्या घाटात ते म्हणाले, "निपाणी, तिथं कोन तरी दुसराच निघाला, तर काय करायचं?"

"परत यायचं."

"आनि मास्तर?"

 माझ्या घरी न थांबता आम्ही रिक्षानं खेड्याकडं निघालो. तंबाखूची रानं संपून ऊस लागला. शाळेजवळ उतरून विचारलं, तर एका बाईनं हातानंच दाखवलं. कौलारू घर, वर बांबूला ताणलेली तांब्याची वायर. ती वायर बघून आप्पा थांबले. मला वाटलं इथूनच परत फिरतील.

दार पस्तिशीच्या माणसानं उघडलं. पिशवीतून डोकावणारे डबे, लोंबणाऱ्या वायरी बघून त्याचा चेहरा उतरला. तो दार अर्धं ओढून घेत म्हणाला, "कुठल्या ऑफिसातनं आलासा?"

"वडगावातनं," आप्पा ओरडले. भीतीनं त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही चढला होता.

त्या माणसानं चौकटीला हात लावला. दोघंही एकमेकांना भ्याले होते आणि मी दोघांना.

"आप्पा?" तो म्हणाला.

"रोज सकाळी कोन बोलतंय माज्यासंगं?"

तो बाजूला झाला.

आतल्या खोलीत पलंगावर मास्तर होते. आडव्या अंगाचा मोठा माणूस, पण उजवी बाजू सगळी सैल पडलेली. डावा हात तेवढा पांघरुणावर हलत होता. चार महिन्यांपूर्वी सकाळी सेटसमोरच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते बोलायच्या यंत्रावर कोसळले. व्हॉल्व्ह फुटले. वाचा गेली. ऐकायचा रेडिओ तेवढा वाचला, तो उशाशी होता.

आप्पा पलंगाजवळ गेले. "मास्तर, मी आलोय. मी."

मास्तरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि घशातून एक आवाज काढला. डाव्या हातानं पांघरूण छातीवर ओढायला लागले, भिंतीकडं सरकायला लागले. समोर कुणी परका माणूस अंगावर ओरडत होता. आप्पांनी आणखी जोरात सांगितलं, "अवो, मी वडगाव," तर मास्तरांचे डोळे पांढरे झाले. दार उघडणाऱ्या त्या माणसानं, मास्तरांच्या मुलानं, आप्पांना धरून बाहेर आणलं.

ओसरीवर आप्पा खांबाला धरून बसले. मुलगा खाली बसला.

"दवाखान्यातनं चार दिवसांनी घरी आनलं, तर पावणेसात वाजले की दादा अस्वस्थ व्हायचे," तो वडिलांबद्दल सांगायला लागला. "हात रेडिओकडं. लावून दिला की तुमी हाका मारताय, मास्तर, मास्तर, आनि हितनं उत्तर न्हाय. दादांच्या डोळ्यांतनं पानी. तिसऱ्या दिवशी माज्यानं बगवंना. एक जुजबी सेट जोडला आनि बोललो. ल्हानपनापास्नं ऐकत आलोय दोघांचं. सगळं पाठ हाय."

"मला खरं सांगायचं हुतं की."

"परवाना न्हाय माज्याकडं. बिनपरवान्याच्या मानसासंगं तुमी बोलत न्हाईसा, हे दादांनीच सांगितलेलं. तुमी बोलायचं बंद केलासा तर दादांना काय ऐकवायचं? रोज भ्यायचो. आज वळकतील, उद्या वळकतील."

"मीबी रोज भ्यायचो," आप्पा म्हणाले.

 मग आप्पांनी साडीची गाठ सोडली. सेट त्यांनी अंगणात, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायला लावला. मुलानं आतून वायर ओढून वीज दिली. अँटेनाच्या जागी रेझिस्टर लावला. मला म्हणाले, "आत जा. रेडिओ लाव आनि मास्तरांकडं बगत ऱ्हा." स्वतः खिडकीकडं पाठ करून बसले.

मी आत जाऊन रेडिओ लावला. मास्तर अजून भिंतीकडं तोंड करून होते. खरखर झाली, मग खरखर एकदम थांबली आणि खोलीत एक भरीव शांतता पसरली. एएममध्ये नुसतं बटण दाबलं, काही बोललं नाही, तरी समोर कुणी आहे ते कळतं. त्याला कॅरिअर म्हणतात. मास्तरांची मान वळली.

"मास्तर," रेडिओतून आप्पांचा तो उशाशी बसल्यासारखा आवाज आला. "वडगाव बोलतंय. आज मी एएमवर हाय. आवाज कसा काय?"

मास्तरांचा डावा हात उचलला गेला. हवेत काहीतरी शोधत राहिला, मग पलंगाच्या कडेवर दोन बोटं आपटली. मी खिडकीतून सांगितलं, "ऐकालेत." आप्पा बोलत राहिले. पाऊस कसा झाला, एक माग काढला, आक्का रुसली, बसमध्ये आपण किती भ्यालो. पंधरा मिनिटं झाली असतील. मास्तरांचा श्वास संथ झाला. मग मला ऐकू आलेला आवाज रेडिओतलाही होता आणि दारातलाही. आप्पा माईक हातात घेऊन, वायर ताणत, दारापर्यंत आले होते आणि त्याच हळू आवाजात बोलत आत येत होते. पलंगाशी आल्यावर वायर संपली. त्यांनी माईक खाली ठेवला आणि आवाज न चढवता उरलेलं वाक्य पुरं केलं.

मास्तरांनी रेडिओकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, परत रेडिओकडं. मग डावा हात पुढं करून आप्पांच्या गळ्यावर ठेवला. आप्पा वाकून बोलतच राहिले. हात तसाच होता.

निघताना मुलगा दारात उभा राहिला. परवान्याचं काय करणार, हे विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं. आप्पांनी स्वतःच सांगितलं. "सेट हितंच ऱ्हाऊ दे. ज्याच्या नावावर परवाना त्यानंच बटन दाबायचं. मास्तर दाबतील. तू बोलायचं न्हाय. तू परवान्याच्या परीक्षेला बस."

"आनि दादा बोलनार कसं?"

"नको बोलू देत. एएम हाय."

संध्याकाळी मी माझ्या घरी कंत्राटाचं सांगितलं. वडील म्हणाले, बघू. त्या रात्री मला दोन-तीन आठवड्यांनी गाढ झोप लागली.

पुढं जवळजवळ दीड वर्ष रोज पावणेसातला वडगावात खरखर थांबायची. पलीकडं कुणी बोलायचं नाही. पंखा ऐकू यायचा, कोंबडा यायचा आणि मास्तरांचा श्वास यायचा. त्या श्वासावरून आप्पा सांगायचे, "आज कफ हाय," "आज बरं हाईत." मग आपण बोलायचे. मुलगा उगीच कधी भांडं आपटायचा, म्हणजे तोही आहे हे कळावं. माझं कारखान्यातलं काम सुटलं, उद्यमबागेत दुसरं मिळालं, पण खोली मी सोडली नाही. सकाळी साडेसहापासून मी भिंतीशी कान लावून असायचो. खरखर थांबेपर्यंत भिंतीच्या दोन्ही बाजूंना कुणी हलायचं नाही. ती पहिल्यापेक्षा वेगळी भीती होती. तिला काही उपाय नव्हता.

एका सकाळी खरखर थांबली नाही. सव्वासात झाले, आठ झाले. मागाचा खडखडाट त्या दिवशी सुरू झाला नाही. दुपारी मुलाचा फोन आक्कांच्या मोबाईलवर आला. आप्पांनी फोन घेतला, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. ऐकलं आणि आक्कांच्या हातात परत दिला. दुसऱ्या दिवशी एकटेच बसनं मास्तरांच्या गावाला जाऊन आले. कसे गेले, रस्त्यात कुणाचं मनगट धरलं, विचारायची माझी छाती झाली नाही.

मुलाचा परवाना त्यानंतर महिन्याभरानं आला. मीही तेव्हा निपाणीत काम मिळाल्यानं खोली सोडायच्या तयारीत होतो. माझ्या शेवटच्या आठवड्यातल्या एका सकाळी, पावणेसातला, खरखर थांबली. आप्पांनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. मी जाऊन मागं उभा राहिलो.

"वडगाव, वडगाव," घागरीत बोलल्यासारखा, दमदार आवाज आला. परवान्यासोबत मिळालेलं नवं कॉलसाइन, म्हणजे हवेवरची ओळख, सांगितलं आणि पुढं तोच मास्तरांचा खोकला. "आवाज कसा काय?"

 आप्पांनी डोळे मिटले. मग माईक तोंडाशी नेला.

"हा तुजा न्हाय," ते हळूच म्हणाले. "तुजा काढ."

पलीकडं बराच वेळ नुसता कॅरिअर होता. पंखा ऐकू येत होता. मग एक आवाज आला, जरा उंच, चाचरत, आम्ही कधीच न ऐकलेला.

"आप्पा, माजा कसा हाय ते मलाच म्हाईत न्हाय. भ्या वाटतंय."

"वाटू दे," आप्पा म्हणाले. "बोल काय तरी. सकाळपासनं काय काय केलास?"